माणूस पाहिला, आता मुलूख दाखवा

आपल्याच जिल्ह्यात पाहुण्यासारखं हिंडायची वेळ माझ्यावर वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आली. मी मालवणची. जन्म मसुऱ्याचा, सासर मालवण बंदराजवळ, म्हणजे माहेरी जायला रिक्षाही पुरते. इतक्या जवळच्या जवळ आयुष्य गेलेल्या बाईने प्रवासवर्णन लिहावं हे माझ्या यजमानांना पटलेलं नाही. पण जे झालं ते प्रवासातच झालं, त्याला मी काय करू?

झालं असं, की माझ्या मोठ्या भावाचं, श्रीधरदादाचं, दुसरं लग्न जमवायचं आम्ही मनावर घेतलं. आम्ही म्हणजे मी आणि त्याची मुलगी मुग्धा. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. मुग्धा नोकरीनिमित्त पुण्याला असते. दादा मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन मसुऱ्याला परतला, नारळ-कोकमांत रमला, आणि हळूहळू इतका कमी बोलायला लागला की त्याच्या घरी गेलं तर आधी रेडिओ बंद झाल्यासारखं वाटायचं. मुग्धाच्या मैत्रिणीची मावशी अकोल्याला. वंदनाताई. भूगोलाच्या शिक्षिका, नुकत्याच निवृत्त झालेल्या, नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. मुग्धाने दोघांना फोनवर बोलायला लावलं, मग व्हिडिओवर. दादा फोनवर "हां" आणि "बरा" एवढंच म्हणतो. वंदनाताईंना बहुधा तो फार विचार करून बोलतो असं वाटलं.

मग एक दिवस त्यांचा मला फोन आला.

"नलूताई, माणूस मी पाहिला. बरा वाटला. पण राहायचं मला गावात आहे नं. तीस वर्षं पोरांना कोकणची किनारपट्टी शिकवली आणि एकदाही पाहिली नाही. आता मुलूख दाखवा. तुमच्याकडचं वेगळं काय आहे ते मला कळू द्या, मग सांगते."

मी यजमानांना विचारलं, आपल्याकडचं वेगळं काय? ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "वेगळा कायच नाय. बाकीचे लोक वेगळे."

खारेपाटण

मे महिना होता. वंदनाताई जुन्या सहकारी शिक्षिकांबरोबर गणपतीपुळ्याला आल्या होत्या, तिथून एकट्याच एसटीने खाली उतरणार होत्या. मी म्हटलं, कणकवलीला उतरा, सोयीचं पडेल. तर म्हणाल्या, "जिल्हा जिथे सुरू होतो तिथे उतरीन. सुरुवातीपासून पाहायचं." म्हणून मी गाडी काढली आणि दादाला घेऊन खारेपाटण गाठलं. गाडी चालवायला मी तीन वर्षांपूर्वी शिकले. दादा माझ्या शेजारी बसला की गाडीत नसलेला ब्रेक पायाने दाबत राहतो.

पण त्या दिवशी मला ब्रेकपेक्षा त्याच्या डोक्याची काळजी होती. मुग्धाने पुण्याहून बजावलं होतं, बाबांचे केस काळे करून घ्या. दादाने स्वतःच करून घेतले होते. पाकिटावर लिहिल्यापेक्षा जास्त वेळ ठेवला असावा, कारण केस काळे न दिसता निळे दिसत होते. वर पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट. आमच्याकडच्या मे महिन्यात माणूस नुसता उभा राहिला तरी भिजतो. एसटी येईपर्यंत दादाच्या कानामागून एक काळा ओघळ निघाला आणि कॉलरवर येऊन थांबला.

वंदनाताई उतरल्या. उंच, सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी, हातात घडीची छत्री. त्यांनी मला नमस्कार केला, मग दादाकडे बराच वेळ पाहिलं.

"मी फोनवर पाहिलेल्या गृहस्थांचे केस पिकलेले होते," त्या म्हणाल्या. "हे त्यांचे धाकटे भाऊ काय?"

दादाने रुमाल काढून मान पुसली. रुमाल काळा झाला. "मीच तो," एवढंच म्हणाला.

"मग धुऊन टाका बाप्पा. पिकलेलेच बरे होते."

आणि दादा खरंच शेजारच्या हॉटेलच्या मागे नळावर गेला. तो येईपर्यंत आम्ही दोघी चहा प्यायलो. वंदनाताईंचा घाम थांबत नव्हता. त्यांच्या अकोल्याला ऊन आमच्यापेक्षा कितीतरी कडक, पण तिथे म्हणे अंग कोरडं राहतं. "हे ऊन आहे की वाफ?" म्हणत त्यांनी टोपीने वारा घेतला आणि हॉटेलवाल्याला त्यांचा प्रश्न पहिल्यांदा विचारला, "काका, तुमच्या जिल्ह्याचं वेगळेपण काय?"

हॉटेलवाला गल्ल्यावरून म्हणाला, "हंय रत्नागिरी संपता. तितक्या बरा."

दादा परतला. केस आता धड काळे नाहीत, धड पांढरे नाहीत, पाऊस पडून गेलेल्या कातळासारखे. वंदनाताईंनी त्याला विचारलं, "खारेपाटण जुनं बंदर ना? गलबतं वरपर्यंत यायची असं शिकवायचे मी. बंदर कुठे आहे?"

"गेला," दादा म्हणाला.

"कुठे गेलं?"

"गाळात."

पुढे खाडीकाठी जाऊन त्यांनी ते न दिसणारं बंदरही मनापासून पाहिलं. मी मात्र गाडीत बसून हिशेब करत होते, की हा माणूस असंच एकेक शब्द बोलत राहिला तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बांद्यापर्यंत, एक वाक्य तरी पूर्ण होईल का.

मालवण

वंदनाताई उतरल्या माझ्याकडे. आल्या तो सोमवार. माझ्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं. त्या मटण खातात, अंडी खातात, पण मासा कधी खाल्ला नव्हता. "मालवणला आले म्हणजे आता मासेच," असं म्हणत हात धुऊन पानावर बसल्या. पानात होती फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि सोलकढी.

"मासे?"

"आज सोमवार," मी म्हटलं.

"मग?"

"सोमवारी आम्ही खात नाही. गुरुवारीसुद्धा नाही. संकष्टी, एकादशी तर नाहीच."

त्या उसळीकडे पाहत राहिल्या. "समोर एवढा समुद्र, आणि तुम्ही कॅलेंडर पाहून जेवता?"

यजमान जेवता जेवता सुरमई आणि सरंगा यांतलं श्रेष्ठ काय हे दादाला समजावत होते. दादाचं मत तिसऱ्याच माशाला, हलव्याला होतं, आणि ते त्याने चक्क दोन वाक्यांत मांडलं. वंदनाताई मला हळूच म्हणाल्या, "खायला मनाई आहे, बोलायला नाही असं दिसतं." मी म्हटलं, सोमवारी आम्ही बोलतोच जास्त. घावणे मात्र त्यांना इतके आवडले की त्यांनी मोजणं सोडून दिलं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाचं हे जाळीदार, हातात धरलं तर पलीकडचं दिसणारं प्रकरण म्हणजे चेष्टा वाटली असावी. "याने पोट भरतं?" असं प्रत्येक घावण्याला त्या विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना किनाऱ्यावर नेलं. रापण लागली होती. तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून दोन रांगा करून माणसं ओढतात. ज्याने दोराला हात लावला त्याला शेवटी वाटा मिळतो, मग तो मालक असो की वाटसरू. ही शेवटची गोष्ट मी वंदनाताईंना सहज सांगितली. सांगून वळते तर बाजूला टोपी आणि चपला, आणि बाई साडीचा पदर खोचून रांगेत.

त्या रांगेत पुढे होते जुजेकाका, आमच्या शेजारच्या वाड्यातले. सत्तरी ओलांडली तरी रापणीचा दोर सोडत नाहीत. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"बाय, तू मास्तरीण गो?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"दोर खडूसारखो धरलंस. दोन्ही हातांनी धर, आणि मागे पडल्यासारखी चल!"

वंदनाताई मागे पडल्यासारख्या चालल्या, आणि थोड्या वेळाने खरोखरच मागे पडल्या. वाळूत बसल्या, उठल्या, परत दोर धरला. दादा मसुऱ्याहून स्कूटरवर नेमका तेव्हाच आला. इस्त्रीचा दुसरा शर्ट घालून आला होता. त्याने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चपला काढून त्यांच्या मागे दोराला लागला. शर्टाचं काय झालं ते सांगत नाही.

जाळं आलं ते फार भरलेलं नव्हतं. हल्ली नसतंच, असं जुजेकाका म्हणाले. पण बांगडे होते, तारल्या होत्या, आणि वाटे झाले. वंदनाताईंच्या वाट्याला चार बांगडे आले. ठेवायचे कशात? त्यांनी छत्री उघडली, उलटी धरली आणि बांगडे आत टाकून बाजारातून घरापर्यंत चालत आल्या. कावळे वरून, मांजरं खालून. वाटेत जी जी ओळखीची बाई भेटली तिने मला विचारलं, "ही खंयची गो?" मी ठरल्याप्रमाणे सांगत होते, माझी मैत्रीण, एका शिबिरात ओळख झाली. बाया "बरा बरा" म्हणत होत्या आणि दादाच्या केसांकडे पाहत होत्या.

दुपारी बांगडे तळले, दोन कालवणात टाकले. वंदनाताई पानावर बसल्या खऱ्या, पण बांगड्याकडे त्या विंचवाकडे पाहावं तशा पाहत होत्या. तेव्हा दादा बोलला. मी खोटं सांगत नाही, सलग बोलला.

"ह्याका भियाचा नाय. बांगडो गरीब मासो. मधलो काटो एक काढलो की तो तुमचो. काट्याकाट्यांचो पेडवो असतो तर मी तुमका जेवूकच दिला नसता. हां, असो कडेसून उचलायचो. आता पाठीकडली बाजू. नाय, तशी नाय, बोटांनी. मासो चमच्यान खाणारो माणूस माशाक समजूनच घेणा नाय."

वंदनाताईंनी बोटांनी उचललं, तोंडात घातलं, डोळे मिटले. "अरे वा," म्हणाल्या. दादा त्यांच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता स्वतःचा घास तोंडात टाकला. पुढच्याच क्षणी त्याचे डोळे मोठे झाले, चेहरा लाल झाला, हात गळ्याशी गेला.

दात आले तेव्हापासून मासे खाणाऱ्या माझ्या भावाच्या घशात बांगड्याचा काटा अडकला होता.

यजमान उठून पाठीत धपाटे घालायला लागले. मी केळं शोधायला धावले. वंदनाताईंनी मात्र शांतपणे पांढऱ्या भाताचा मुटका वळला, दादाच्या समोर धरला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "चावू नका. गिळा." दादाने गिळला. "दुसरा." गिळला. तिसऱ्याला काटा खाली गेला. दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

"गरीब मासा होता म्हणून वाचलात," वंदनाताई म्हणाल्या.

दादा हसायला लागला. खोकत, पाणी पीत हसत होता. त्याचं हसणं मी किती दिवसांनी ऐकत होते ते मला आठवेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ताटं विसळली.

मसुरे

आता खरी परीक्षा. मसुरे दाखवायचं, दादाचं घर दाखवायचं, पण गावाला काही कळू द्यायचं नाही. बाईंना उद्या वाटलं नाही, तर त्यांना मोकळेपणाने जाता आलं पाहिजे, असं आमचं ठरलं होतं. "मैत्रीण" हेच सांगायचं. आमचं गाव खाडीकाठाला पसरलेलं, घरं लांब लांब, त्यामुळे बातमी पसरत नाही अशी माझी समजूत. मी त्या गावात वाढलेली असून अशी समजूत करून घेतली हे विशेष.

सकाळ छान गेली. दादाचं घर जांभ्याचं, कौलारू, दोन खोल्या आणि पडवी. अंगणात कोकमं वाळत होती, सगळं आवार तांबडं दिसत होतं. वंदनाताईंनी भिंतीवरून हात फिरवला. "जांभा खडक," त्या म्हणाल्या, "फळ्यावर लिहायचे. वाटायचं दगड म्हणजे थंड, गुळगुळीत असेल. हा तर भाकरीसारखा आहे की." मग त्या घरभर एकट्याच हिंडल्या, मागच्या विहिरीत डोकावल्या, गुरं नसलेल्या गोठ्यात उभ्या राहिल्या. दादा पडवीत बसून पायाची बोटं मोजत होता.

जेवणाआधी म्हटलं, देवळात जाऊन येऊ. पावसाच्या तोंडावर देवळाची कौलं परतायचं, म्हणजे फुटकी बदलून नीट लावायचं, काम काढलेलं, म्हणून निम्मा गाव तिथे जमला होता. कामाला हात लावण्याआधी गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही, आणि सांगायचं ते मनातल्या मनात नाही, मोठ्यांदा, सगळ्यांदेखत. गाऱ्हाणं घालणारा एक, आणि दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरणारे बाकी सगळे. मसुऱ्यात हा मान भिवातात्यांचा. आवाज असा, की खाडीपलीकडच्या गावाचंही काम त्यात होऊन जावं.

वंदनाताई कौतुकाने पुढे सरकल्या. फोन काढून चित्रणही सुरू केलं. तात्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, बारा राठीच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या देवळाच्या कौलांक हात लावतत, तर वर चडणाऱ्याचो पाय घसरां नको, कौल फुटां नको, आणि काम होयसर पावसाक थोपव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वंदनाताई मान डोलावत होत्या. मला वाटलं, झालं. पण तात्यांनी हात खाली घेतले नाहीत. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला.

"आणि म्हाराजा, ही जी बाय अकोल्यासून इली आसा, तिका आमचो गाव पसंत पडां दे!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या मनात काय किंतु आसात तर ते काढ, आणि आमच्या श्रीधराचा घर परत नांदता कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार आधीच्या तिन्हींपेक्षा मोठा होता. गाऱ्हाण्याची वाट न पाहता आधीच कौलांवर चढलेले दोघे वरून ओरडले.

फोन चालूच होता. तो धरलेला हात मात्र खाली आला. वंदनाताईंचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"हे यांना कोणी सांगितलं?" त्यांनी मला विचारलं. मी दादाकडे पाहिलं. दादाने जमिनीकडे. तात्या निरागसपणे म्हणाले, "सांगूक कशाक होया? श्रीधरान केस काळे केल्यान, तेव्हाच गावाक समाजला."

"तुमच्या गावात माणसाला विचारायच्या आधी देवाला विचारतात?"

"देवाक विचारूक नाय गो बाय," तात्या म्हणाले, "फक्त सांगितला."

एवढं बोलून तात्यांनी आणखी बिघडवलं. वंदनाताई वळल्या आणि देवळाबाहेर पिंपळाच्या पारावर जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले.

"नलूताई," त्या म्हणाल्या, आवाज अगदी हळू होता, "मी वीस-बावीस वर्षं एकटी राहिले. लोकांनी माझं ठरवायचा फार प्रयत्न केला. भावांनी, दिरांनी, शेजाऱ्यांनी. कोणाला ठरवू दिलं नाही म्हणून आज ताठ आहे. आता उद्या नाही म्हटलं तर मी शे-दोनशे माणसांना, वर देवालाही नाही म्हणणार. असं कोंडीत नाही पकडायचं माणसाला."

त्या म्हणत होत्या ते खरं होतं. "संध्याकाळची एखादी गाडी मिळते का बघा," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आत गलका झाला. मी डोकावून पाहिलं. दादा गाभाऱ्यासमोर उभा होता, तात्यांच्या जागेवर. तात्या म्हणत होते, "अरे, मान माझो!" दादाने त्यांना हाताने बाजूला केलं. तात्यांखेरीज त्या जागेवर कोणी उभं राहिलेलं मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याने हात जोडले. आवाज सुरुवातीला फुटेचना. मग एकदम मोठा निघाला.

"बा देवा म्हाराजा!"

लोक गोंधळले. दोन-चार जणांनीच "व्हय म्हाराजा" म्हटलं.

"आत्ता तात्यान जा काय सांगितल्यान, त्यातला कौलांचा तेवढा ठेव. बाकीचा परत घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," होकार भीतभीत आला.

"ही बाय स्वतःच्या पायांनी इली आसा. तिका काय वाटात ता तीच सांगतली. तिच्यार गावाचो जोर नको, माझो नको, आणि तुझोसुद्धा नको!"

देवाला असं कोणी सांगितलेलं कोणाला आठवत नव्हतं. वंदनाताई पारावरून उठून माझ्याजवळ दारात आल्या होत्या.

"ती परत गेली तर तिका सुखरूप अकोल्याक पोचव. गाडीत खिडकीकडली जागा दी. आणि तिच्या पाठीमागे जो कोण तोंड उघडात, त्याच्या घशात बांगड्याचो काटो अडकव रे म्हाराजा!"

आणि मग माझ्या शेजारून, अगदी कानाजवळ, शाळेच्या मैदानावर पोचेल असा आवाज आला.

"हाव म्हाराजा!"

वऱ्हाडात होकाराला "हाव" म्हणतात हे मसुऱ्याच्या लोकांना ठाऊक नव्हतं. पण होकार होता हे कळलं. आधी बाया हसल्या, मग सगळं देऊळ. कौलांवरचे दोघे हसताना कौलं धरून बसले. हसू थांबल्यावर तात्यांनी वंदनाताईंना विचारलं, "बाय, ही तुझी 'हाव' नेमकी कशाक?"

"काट्याला," वंदनाताई म्हणाल्या. "बाकीचं मी ठरवीन."

संध्याकाळची गाडी मग कोणी शोधली नाही.

बांदा

गुरुवारी त्यांना निघायचं होतं. गाडी सावंतवाडीहून, पण सुरुवात पाहिली तर शेवटही पाहायचा, म्हणून सावंतवाडी ओलांडून आम्ही आधी बांद्याला गेलो. त्यापुढे गोवा. वाटेत वंदनाताई फारसं बोलल्या नाहीत. आश्चर्य म्हणजे दादा बोलत होता. ही नदी कुठून येते, त्या डोंगराला काय म्हणतात, इथली माणसं सरळ प्रश्नाला सरळ उत्तर का देत नाहीत. हे शेवटचं समजावून सांगताना त्याने सरळ उत्तर दिलं नाही. मी आरशात पाहत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. हो की नाही, ते त्या चेहऱ्यावरून कळणं शक्य नव्हतं. मी एका ठिकाणी वळणच चुकले आणि दादाने नसलेला ब्रेक जोरात दाबला.

बांद्याच्या बाजारात आम्ही गुळाचं खाजं घेतलं, काजू घेतले. कोणी गोव्याच्या कोकणीत बोलत होतं, कोणी मालवणीत, आणि दोघं एकमेकांना नावं ठेवत व्यवहार करत होते. वंदनाताई एका दुकानासमोर थांबल्या. दुकानात पाट, पोळपाट, लाकडी चमचे, आणि ओळीने मांडलेले आडाळे. आडाळो म्हणजे आमची विळी, बसायला लाकडी पाट आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते. वंदनाताईंनी त्यातला एक उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला, खाली ठेवून त्यावर बसून पाहिलं.

"हा द्या," त्या म्हणाल्या.

दादा लगेच पुढे झाला. आडाळो उलटा केला, नखाने लाकूड खरवडलं. "नको. पाट आंब्याचो आसा. एका पावसात वाकडो होतलो."

दुकानदार भडकला. "वाकडो होऊक अकोल्याक पाऊस खंय पडता?" बाई अकोल्याच्या हे त्याला कसं कळलं ते मी विचारलं नाही.

"अकोल्याला नाही न्यायचा," वंदनाताई म्हणाल्या. "मसुऱ्याला ठेवायचा आहे. तिथल्याचं पातं हलतं. नारळ खवताना बोट कापेल नं माझं."

मी हातातली काजूची पिशवी घट्ट धरली. दुकानदार दादाकडे पाहायला लागला. दादा आडाळ्याकडेच पाहत होता.

"पाता हालता ता माका म्हायत आसा," तो म्हणाला. "पण आंब्याचो नकोच. फुगता तो."

"अरे मेल्या," दुकानदार ओरडला, "ती काय बोलता ता आयक मरे!"

दादा थांबला. त्याच्या ओठांची हालचाल झाली, बाईंचं वाक्य तो मनात परत म्हणत असावा. "माझं" या शब्दाशी पोचला तेव्हा मला दिसलं. आडाळो हातातून सुटला आणि पायावर पडता पडता राहिला. वंदनाताई अजिबात हसत नव्हत्या, सरळ त्याच्याकडे बघत होत्या, आणि डोळे भरलेले होते.

दादाने वाकून आडाळो उचलला, जागेवर ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, "फणसाचो आसा?"

"आत आसा."

"काढ."

पुढे तुळशीच्या लग्नानंतर मोजक्या माणसांत लग्न झालं. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, आधी दोघांना वाचून दाखवून. वंदनाताई आता मसुऱ्यात चौथीच्या मुलांना फुकट भूगोल शिकवतात, आणि सोमवारी सगळ्यांसारख्याच माशांवर बोलतात. पण ते सगळं नंतरचं, प्रवासात बसत नाही.

प्रवास संपला तो सावंतवाडीच्या फलाटावर. बांद्याहून येताना दादाने तो फणसाचा आडाळो मांडीवर घेतला होता, माझ्या डिकीवर त्याचा विश्वास नव्हता. फलाटावरही तो घेऊनच आला. गाडी आली, वंदनाताई चढल्या, दारात उभ्या राहून त्यांनी हात हलवला. गाडी हलली. दादाचे दोन्ही हात आडाळ्यात अडकलेले. काय करावं ते त्याला सुचेना, आणि मग त्याने आडाळोच डोक्यावर उचलला आणि हलवायला लागला. आजूबाजूची माणसं पातं पाहून भराभर मागे सरकली. गाडीचा शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत माझा भाऊ मोकळ्या फलाटावर एकटा उभा राहून आडाळो हलवत होता.